शाळेच्या पेटीवर कोण बसणार?

महाराष्ट्रातल्या जुन्या अनुदानित हायस्कुलात चित्रकलेचे सर बहुधा भेटतातच. फळ्यावरचा सुविचार त्यांच्या अक्षरात असतो, पंधरा ऑगस्टची रांगोळी त्यांच्या देखरेखीखाली निघते, संमेलनाचा पडदाही त्यांनीच रंगवलेला असतो. गाण्याच्या बाईंचं किंवा सरांचं तसं नाही. एका शाळेत त्या असतात, शेजारच्या शाळेत नसतात, आणि असलेल्या बाई निवृत्त झाल्या की पेटी कापडात बांधून कपाटावर चढते. नाटकाला तर वेगळा शिक्षक लागतो हेच बहुतेक शाळांनी कधी धरलेलं नाही. मराठीच्या बाई आहेत ना, त्या बसवतील, एवढ्यावर विषय मिटतो.

असं का होतं? मुलांना चित्रांपेक्षा गाण्याची आवड कमी आहे, असं कुणीही म्हणणार नाही. पहिलीतलं पोर हातात खडू धरायच्या आधी गाऊ लागतं. कारण मुलांमध्ये नाही, भरतीच्या पद्धतीत आहे.

चित्रकलेमागे एक पूर्ण साखळी उभी आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेतं आणि दर वर्षी लाखो मुलं शाळेतूनच त्यांना बसतात. या परीक्षांची तयारी करून घेणारा माणूस घडवायला कला शिक्षक पदविका, म्हणजे एटीडी आहे. आणि खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीत विशेष शिक्षकांची पात्रता वेगळी दिलेली आहे. परीक्षा, पदविका आणि पद अशा तीन कड्या एकमेकींत अडकल्या की विषय शाळेत टिकतो. मुख्याध्यापक बदलले, संस्थाचालक बदलले, तरी चित्रकलेच्या सरांची खुर्ची शिल्लक राहते.

संगीतात परीक्षा आहेत, पण त्या शाळेच्या भिंतीबाहेर. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या मराठी घरांना चांगल्या ठाऊक आहेत. तालुक्याच्या गावीही एखाद्या माडीवर पेटी-तबल्याचा क्लास चालतो आणि तिथून दर वर्षी काही मुलं विशारदपर्यंत पोचतात. म्हणजे शिकलेली माणसं गावोगाव आहेत. पण अशा विशारद झालेल्या मुलीने शाळेत नोकरी मागितली की पहिला प्रश्न येतो, डी.एड. आहे का, बी.एड. आहे का? मग टीईटी झाली का? सरकारी आणि अनुदानित शाळांची भरती आता ‘पवित्र’ पोर्टलवरून होते. त्या चाळणीत उमेदवाराचा गळा किंवा हात कुठल्याच टप्प्यावर ऐकला जात नाही. दहा वर्षं रियाज केलेली मुलगी आणि आयुष्यात सूर न लावलेला उमेदवार तिथे एकाच मापाने मोजले जातात.

नाटकाचं चित्र याहून विरळ आहे. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झालं, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. तिथून बाहेर पडलेली मुलं मालिका, चित्रपट, प्रायोगिक रंगभूमी यांकडे वळतात, कारण शाळेत त्यांच्यासाठी जागाच नाही. उलट बाजूने पाहिलं तर दोन वर्षांच्या बी.एड.च्या अभ्यासक्रमात शिक्षणातील नाट्य आणि कला यांवर एक छोटा घटक आहे. तेवढ्या शिदोरीवर शिक्षकाने मुलांना नाटक शिकवावं अशी अपेक्षा आहे.

कायदा काय सांगतो हेही पाहायला हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत, असं म्हटलं आहे. वाचायला बरं वाटतं. पण या तरतुदीत तीन अडचणी आहेत. माणूस अंशकालीन आहे. चित्र, गाणं, नाच आणि नाटक मिळून ‘कला’ म्हणून एकच माणूस मिळायचा आहे. आणि शंभरची अट मोठ्या गावातल्या शाळेलाच पुरी करता येते. महाराष्ट्रात असे निदेशक काही काळ नेमले गेले, पण त्यांचं कायमचं पद झालं नाही आणि त्यांच्या मागण्या न्यायालयापर्यंत गेल्या. २८ ऑगस्ट २०१५ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेतली शिक्षकपदं ठरवण्याच्या निर्णयानंतर कला आणि क्रीडा शिक्षक आंदोलनासाठी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी तासिकेवर मानधन घेणाऱ्या अतिथी निदेशकांचा मार्ग पुढे करण्यात आला. बारमाही शिकवायच्या विषयाला पाहुणा शिक्षक ही सोय तेव्हाही पटण्यासारखी नव्हती आणि आजही नाही.

आता लहान शाळांकडे वळू. २०२३ साली लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा सरकारी आकडे बाहेर आले होते. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या १४,७०० हून अधिक शाळा राज्यात होत्या, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती आणि २९ हजारांहून अधिक शिक्षक शिकवत होते. सरासरी शाळेला दोन शिक्षक. कायद्याप्रमाणेही पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. या दोघांनी पाच इयत्ता, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं आणि पालकभेटी सांभाळायच्या आणि उरलेल्या वेळात मुलांना गाणं शिकवायचं. त्यांना दोष देणं हा अन्याय होईल. पहिली ते पाचवीची ‘खेळू, करू, शिकू’ ही पुस्तकं उघडली तर त्यांत गायन, वादन, नृत्य, नाट्य सगळं आहे. पुस्तक आहे, तासिका आहे, मूल्यमापनाची श्रेणीसुद्धा आहे. फक्त ते शिकवायला शिकलेला माणूस नाही.

शिकलेल्या माणसाने काय फरक पडतो, हे परिपाठाच्या वेळी कान देऊन ऐकलं की कळतं. मुलांचा आवाज बारीक, वरच्या पट्टीचा. काळी चार, काळी पाच ही त्यांच्या सोयीची पट्टी. पण प्रार्थना सुरू करणारे गुरुजी स्वतःच्या गळ्याला सोसेल अशा काळी एकमध्ये किंवा पांढरी दोनमध्ये सुरुवात करतात. ते खालचे स्वर मुलांना लागत नाहीत. काही मुलं पुटपुटतात. काही मुलं एक सप्तक वर चढतात आणि अंतऱ्याला पोचली की ओरडायला लागतात. मग ‘जोरात म्हणा’ अशी सूचना येते आणि गाणं तिथेच संपतं. गाण्याचा शिक्षक पेटीवरची पट्टी बदलतो, बाकी काही करत नाही, आणि तीच शंभर मुलं सुरात येतात. दुसरं उदाहरण आठवी-नववीतल्या मुलांचं. आवाज फुटायच्या वयात त्यांना समूहगानातून बाहेर काढतात किंवा नुसते ओठ हलवायला सांगतात. जाणकार शिक्षक त्याच मुलाला खालच्या सुरात गायला लावतो, ढोलकीवर किंवा तबल्यावर बसवतो, वर्षभराने त्याचा नवा आवाज शोधून देतो. त्या वर्षभरात गाणं सुटलेली किती माणसं मोठेपणी ‘मला गाता येत नाही’ असं ठामपणे सांगत असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं.

नाटकातही हेच. संमेलनाच्या नाटकात पाठांतर पक्कं असलेल्या चार मुलांच्या वाट्याला सगळी वाक्यं येतात, उरलेली मुलं झाडं आणि शिपाई होतात. नाटक जाणणारा शिक्षक संहिता वाटण्याच्या आधी पंधरा दिवस खेळ घेतो. समोरच्याचं ऐकणं, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं, वाक्य विसरलेल्या मित्राला सांभाळून घेणं, हे मुलं त्यात शिकतात. अबोल मुलगा प्रकाशयोजनेत रमतो, वर्गात मागे बसणारी मुलगी सूत्रधार होते. डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी बाहेरून बोलावलेला नाच बसवणारा माणूस हे करू शकत नाही. त्याला पेनड्राइव्हवरच्या गाण्यावर रांगा जुळवायच्या असतात, आणि मोबदलाही तेवढ्याचाच मिळतो.

मग ज्या शाळांत संगीत-नाटक चांगलं चालतं, त्या काय करतात?

मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच खासगी शाळा बाहेरच्या संस्थेला काम देतात. शिक्षक, अभ्यासक्रम, वाद्यं, वर्षअखेरचा कार्यक्रम सगळं त्या संस्थेचं. वाद्यांच्या दुकानासाठी १८६५ पासून ओळखल्या जाणाऱ्या फर्टाडोजच्या नावाने संगीताचे असे कार्यक्रम शाळांत चालतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९७९ साली सुरू झालेली हेलन ओ’ग्रेडी ही नाट्यशिक्षणाची पद्धतही भारतातल्या शाळांत पोचली आहे. खर्च अर्थातच पालकांच्या फीमधून निघतो. शिक्षक प्रशिक्षित असतात, तास चुकत नाहीत, ही या वाटेची जमेची बाजू. पण ही वाट फी भरू शकणाऱ्यांचीच आहे.

केंद्र सरकारच्या शाळांनी सरळ पद निर्माण केलं. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांना संगीताचा वेगळा शिक्षक असतो आणि त्यासाठी संगीताची पदवी लागते. जवाहर नवोदय विद्यालयांत चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि ग्रंथपाल यांच्या बरोबरीने संगीत शिक्षकाचं पद मंजूर असतं. रायगड जिल्ह्याचं नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेतून साधारण ऐंशी मुलं तिथे जातात आणि त्यांना निवासी संगीत शिक्षक मिळण्याची सोय असते. सरकारला हे जमत नाही असं म्हणायची सोय या शाळांनी ठेवलेली नाही. जमतं. जिल्ह्यातल्या ऐंशी मुलांसाठी जे जमतं ते बाकीच्यांसाठी करायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आणि तिसरी वाट मराठी शाळांची लाडकी: योगायोग. एखाद्या शाळेत गणिताचे सर उत्तम पेटी वाजवतात, एखादीत विज्ञानाच्या बाई हौशी नाट्यस्पर्धेत काम करतात. मग त्या शाळेचं समूहगान केंद्रावर, तालुक्यावर, जिल्ह्यावर जातं. बदली झाली की सगळं त्यांच्याबरोबर जातं.

या योगायोगाने मराठी रंगभूमीला फार मोठं देणं दिलं आहे, हे मान्य करायलाच हवं. बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक होते आणि गोविंद बल्लाळ देवल त्यांचे विद्यार्थी. पुढे १८८० साली किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने संगीत नाटकाचं युग सुरू केलं आणि देवलांनी ते नाट्यलेखनातून आणि तालमीतून घडवलं. आचार्य अत्रे पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांची ‘गुरुदक्षिणा’ आणि ‘वीरवचन’ ही सुरुवातीची नाटकं शाळेच्या मुलांसाठी लिहिलेली आहेत. पु. ल. देशपांडेही काही काळ मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवत होते.

सुलभा देशपांडे यांची गोष्ट यात सगळ्यांत बोलकी आहे. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. विद्यार्थ्यांसाठी चांगली नाटकं नाहीत म्हणून त्यांनी विजय तेंडुलकरांकडे मुलांसाठी लिहिण्याची मागणी केली. पुढे १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने त्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि ती चळवळ शाळेच्या नावानेच ओळखली गेली. ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाला’ या बालविभागाचं ‘दुर्गा झाली गौरी’ अनेक पिढ्यांच्या मुलांनी केलं. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर उभं केलं, त्याचं पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’ रत्नाकर मतकरींचं. मतकरींनी पुढे स्वतःची बालनाट्य संस्था काढली आणि अखेरच्या काळात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. मोहन आगाशे यांनी १९८६ साली बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात आणली आणि मुलांच्या खऱ्या प्रश्नांवर मोठ्या नटांनी नाटकं करावीत ही वाट दाखवली. ही सगळी माणसं मोठी. पण यांतलं बहुतेक काम शाळेच्या वेळेबाहेर, सुट्टीत, शिबिरात, शहरात झालं. शाळेच्या वेळापत्रकात त्याला कायमची जागा मिळाली नाही.

संगीतात मात्र एका माणसाने शिक्षक कुठून आणायचे याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी दिलं होतं. त्याआधी बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, गाणं लिहून शिकवण्याची पद्धत बसवली. ते संस्थानाच्या पैशावर चालत होतं. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्याकडे संस्थान नव्हतं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि तिथे ‘उपदेशक वर्ग’ काढला. गरीब पण गळा असलेली मुलं महाविद्यालयात राहायची, जेवण आणि शिक्षण फुकट, त्या बदल्यात ठरावीक वर्षं गुरूच्या संस्थेत शिकवण्याचं बंधन. म्हणजे गवई घडवायच्या आधीच त्यांनी शिक्षक घडवायची सोय केली. मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तकं स्वतः छापली. १९३१ साली ते गेले तेव्हा विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य देशभर शिकवत होते. त्याच वर्षी या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज तालुक्याच्या गावी कुणी प्रवेशिकेला बसतं ते त्या वर्गामुळे. शिक्षक आधी, विद्यार्थी नंतर, हा क्रम त्यांना कळला होता. शासनाला तो अजून पटलेला दिसत नाही, कारण पुस्तक आधी आलं, स्पर्धा आधी आल्या, वाढीव गुणही आधी आले.

वाढीव गुणांचा विषय नाजूक आहे. दहावीच्या निकालात शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, चित्रकला, लोककला, नाट्य यांसाठी सवलतीचे गुण मिळतात. कलेला निकालपत्रावर किंमत आली, हे चांगलं झालं. पण शास्त्रीय संगीताचे हे गुण मिळवायला बाहेरच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि त्या द्यायला खासगी क्लास लावावा लागतो. क्लासची फी आणि आठवड्यातून दोनदा तालुक्याला जायचा खर्च ज्यांना झेपतो त्यांच्या मुलांनाच हे गुण मिळतात. शाळेत शिक्षक न देता शाळेच्या निकालात गुण देणं म्हणजे खेड्यातल्या मुलाला मागे ठेवण्यासारखं आहे. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘कला उत्सवा’चंही असंच. गायन, वादन, नृत्य, नाट्य सगळे गट आहेत, जिल्ह्यापासून देशापर्यंत मजल मारता येते. पण तयारी करून घेणारा माणूस शाळेने आपला आपण शोधायचा.

आता रायगडमधल्या जितेसारख्या गावाकडे पाहू. दिवा-रोहा मेमू आपट्याहून निघाली की जिते येतं, मग हमरापूर, मग पेण. हा सगळा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घराघरांत मूर्ती घडतात. इथलं मूल शाडूची माती मळायला, साच्यातून हात-सोंड काढायला, रंगाचा हात द्यायला घरातच शिकतं. डोळ्यांची आखणी मात्र अनुभवी माणूस करतो, आणि ती शिकायला वर्षं लागतात. इथे शाळेत चित्रकला शिक्षक असो वा नसो, हाताला वळण लावणारे गुरू शेजारच्या कारखान्यात बसलेले असतात.

गाण्याचंही इथे दुर्भिक्ष नाही. गावोगाव भजनी मंडळं आहेत, एकादशीला आणि गणपतीत पखवाज घुमतो. गौरी-गणपतीत बाल्या नाच रंगतो. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, ती परंपरा तोंडी चालत आलेली आहे. डोंगराकडच्या वाड्यांवर ठाकर-कातकरी मुलांना नाच शिकवावा लागत नाही. आणि या सगळ्याच्या मध्ये उभ्या असलेल्या शाळेत परिपाठाला मोबाइलवर गाणं लावलं जातं. शिक्षक बरेचदा घाटावरून बदली होऊन आलेले असतात, त्यांना गावातला पखवाजी ठाऊक नसतो. पखवाजीला शाळेत कुणी बोलावलेलं नसतं. दोघांमधलं अंतर एखाद्या पाणंदीएवढं, पण ते ओलांडायची सरकारी वाट नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही वाट कागदावर तरी आखली आहे. स्थानिक कलांमधल्या जाणकारांना शाळांनी निदेशक म्हणून घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. कला, शारीरिक शिक्षण आणि भाषा यांचे शिक्षक एका शाळेऐवजी शाळांच्या समूहासाठी नेमावेत आणि शाळांनी ते वाटून घ्यावेत, हेही त्यात आहे. पहिल्या सूचनेवर भाषणं पुष्कळ झाली. खरी कामाची सूचना दुसरी आहे.

इंग्लंडमध्ये ही पद्धत जुनी आहे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरणारे संगीत शिक्षक तिथे कित्येक दशकं आहेत. २०१२ पासून त्यांच्यासाठी प्रादेशिक संगीत केंद्रं झाली, सप्टेंबर २०२४ पासून अशी ४३ केंद्रं आहेत. शिक्षक केंद्राचा, वाद्यं केंद्राची, शाळांनी तास मागायचे. जपानमध्ये तिसरीतल्या प्रत्येक मुलाच्या हातात रेकॉर्डर नावाची बासरी येते, आणि बऱ्याच प्राथमिक शाळांत संगीताचा वेगळा शिक्षक असतो. आपल्याजवळ गोव्यात कला अकादमी संगीत आणि नाट्य यांचं रीतसर शिक्षण देते, तिच्या भजन स्पर्धांत मुलांचाही गट असतो. गावातलं भजन आणि रीतसर शिक्षण यांत तिथे आपल्याइतकी दरी नाही.

महाराष्ट्राला त्यासाठी नवं काही उभारायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा आधीच केंद्रांत बांधलेल्या आहेत, केंद्रप्रमुखाचं पद आहे, केंद्र संमेलनं होतात. एका केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा. एक पूर्णवेळ संगीत शिक्षक आठवड्याच्या सहा दिवसांत, अर्ध्या दिवसाला एक शाळा या हिशेबाने बारा शाळा करू शकतो. प्रत्येक शाळेला आठवड्यातून एकदा दोन-तीन तास मिळतील. लहान शाळेतल्या वीस मुलांना दोन-तीन तास म्हणजे वर्षभरात पट्टी, ताल, चार-पाच समूहगीतं आणि एखादं वाद्य एवढं सहज येतं. नाटकाच्या शिक्षकाला तालुक्यात दोन-तीन केंद्रं वाटून देता येतील, कारण नाटकाचं काम सत्रात गट करून होतं. वाद्यं केंद्रशाळेत ठेवली तर बारा पेट्या घ्याव्या लागत नाहीत.

या योजनेत दोन चुका सहज होतील. पहिली, शिक्षकाला तासिकेवर ठेवण्याची. बारा गावं फिरणाऱ्या माणसाला प्रवासभत्ता आणि पूर्ण पगार नसेल तर तो सहा महिन्यांत क्लास उघडून बसेल, आणि त्याचं चुकणारही नाही. दुसरी चूक अशी की स्थानिक कलाकार आहे म्हणून शिक्षक द्यायचाच नाही. पखवाजीबुवा किंवा धवलारीण आजी शाळेत यायलाच हव्यात, त्यांना मानधन सन्मानाने आणि वेळेवर मिळायला हवं. पण बारा शाळांतल्या मुलांची पट्टी ओळखणं, फुटलेल्या आवाजाला सांभाळणं, वर्षाचा क्रम लावणं हे शिक्षकाचं काम आहे, ते त्यांच्या गळ्यात घालू नये. शिक्षक असला तरच कलाकाराचा शाळेत नीट उपयोग होतो. शिक्षक नसेल तर आजींचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, आणि त्या घरी जातात.

पात्रतेचा पेचही सुटण्यासारखा आहे. विशारद किंवा नाट्यशास्त्राची पदवी असलेल्यांसाठी बालशिक्षणाचा एक वर्षाचा जोड अभ्यासक्रम काढता येईल. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने आगरतळ्यात शिक्षणातील नाट्यावर एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवलाच आहे. १९६५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने नट आणि शिक्षक या दोन्ही भूमिका एकत्र करणारी माणसं शाळांत पाठवायला सुरुवात केली, तिथून शिक्षणातील नाट्याची ही शाखा वाढली. म्हणजे शिक्षक घडवण्याची पद्धत माहीत आहे, घडवणारे लोक आहेत. पद मंजूर झालं तर अभ्यासक्रम आपोआप भरेल, जसा एटीडीचा भरला.

पद मंजूर करणं मंत्रालयाच्या हातात आहे, पण मागणी करणं पालकांच्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे तिचं काम आहे. या आराखड्यांत सहसा संरक्षक भिंत, स्वच्छतागृह, संगणक, पाण्याची टाकी यांच्या नोंदी असतात, आणि त्या हव्यातच. जिते, पेण, रोहा आणि रायगडच्या प्रत्येक केंद्रातल्या समित्यांनी येत्या आराखड्यात आणखी एक ओळ घालावी: आमच्या केंद्राला एक पूर्णवेळ संगीत शिक्षक आणि तालुक्याला नाट्यशिक्षक हवा. ठराव करावा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा, पोच घ्यावी, आणि पुढच्या बैठकीत त्याचं काय झालं हे विचारावं.